तुम्ही विचारलंत म्हणून: नंदूला शेवटी ऐकू का येत नाही?

शाळेत, वाचनालयात, कुठेही नंदूची गोष्ट वाचून दाखवली की मुलं उठून पळतात आणि मागे बसलेल्यांपैकी एखादी आई नाहीतर एखाद्या बाई हळूच जवळ येऊन विचारतातच, अहो, छान आहे गोष्ट, पण शेवटी त्याला ऐकू यायला लागलं असं का नाही दाखवलंत, मुलांना किती बरं वाटलं असतं. गेल्या महिन्यात परत दोघींनी विचारलं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. गोष्ट ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नंदू नऊ वर्षांचा, कर्णबधिर, वडिलांची बदली होते म्हणून मिरजेतल्या एका नव्या गल्लीत राहायला येतो, सुरुवातीला त्याला कुणी खेळायला घेत नाही, मग हळूहळू चार मित्र होतात. बास, एवढंच.

खरं सांगायचं तर पहिल्या खर्ड्यात मी त्याला बरं केलं होतं. ऑपरेशन, पट्टी, डॉक्टर हसतात, आई "नंदू" अशी हाक मारते आणि तो वळून बघतो. लिहिताना मलाच रडू आलं होतं, त्यामुळे मला वाटलं जमलंय. मग ते माझ्या धाकट्या भावाला पाठवलं. तो जन्मापासून कर्णबधिर, आता पस्तिशी ओलांडलेला, सांगलीत प्रेसमध्ये काम करतो, आणि नंदू म्हणजे सत्तर टक्के तोच. रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला, आम्ही खुणांनीच बोलतो, त्याने सगळं कौतुक बाजूला ठेवून एवढंच विचारलं, ऑपरेशनला मित्र आले होते का? मी परत पानं चाळली. शेवटच्या चार पानांत मित्र नव्हतेच. एकही नाही. सगळी गोष्ट त्या चौघांबरोबर चालत आली आणि शेवटाला मी त्यांना घरी पाठवून दिलं होतं.

आता कुणी म्हणेल की ताई, हल्ली कॉक्लिअर इम्प्लांट असतं ना, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं मशीन, ज्याचा एक भाग बाहेर डोक्याला लावतात, सरकारी मदतही मिळते. असतं की, आणि लहानपणी लवकर झालं तर खूप मुलं बोलायला शिकतात, मी त्याच्या विरोधात नाही, कुणी तसं समजू नका. पण ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी मूल हाकेला वळलं असं काही नसतं. मशीन चालूच मुळात काही आठवड्यांनी करतात, मग पुढे कित्येक वर्षं थेरपी, आणि झोपताना बाहेरचा भाग काढून ठेवला की ते मूल पुन्हा होतं तसंच. रंगपंचमीला तो भाग डब्यात आणि डबा कपाटात. म्हणजे इम्प्लांट असलेल्या पोरालाही मित्र असे लागतात ज्यांना डबा कपाटात असताना त्याच्याशी कसं बोलायचं ते माहितीये. माझी गोष्ट त्या मित्रांची आहे, कानाची नाहीच.

आमच्या लहानपणी इम्प्लांट वगैरे कुणी ऐकलंही नव्हतं. भावाचं मशीन म्हणजे शर्टाच्या खिशात काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी, तिच्यातून वायर निघून कानापर्यंत, आणि आत एक पेन्सिल सेल. नव्या गल्लीत राहायला गेलो तर पोरांना वाटलं हा खिशात रेडिओ घेऊन फिरतो. पहिले दोन दिवस सगळे त्याला एकच विचारत होते, स्कोअर काय झाला? तो हसायचा, कारण समोरचा हसतोय म्हणजे आपणही हसायचं हे त्याने फार लवकर शिकून घेतलं होतं.

पोरं दुष्ट नव्हती हो, हे मला मुद्दाम सांगायचंय, गोष्टीतल्या पोरांनाही मी म्हणूनच दुष्ट केलं नाही. खेळ वाईट होते. आंधळी कोशिंबीर खेळताना त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, आता विचार करा, बाकीच्यांचे डोळे गेले तरी टाळ्या आणि हसणं ऐकू येतं, याचं तर सगळं जगच एका फडक्यात बंद. त्याने ते ओरबाडून काढलं आणि रडत घरी आला, तर गल्लीभर "रडका" म्हणून नाव झालं. डोंगराला आग लागली, तेही नाही, कारण पाठ फिरवून पळायचं आणि हाक कानाने पकडायची. लपंडावात मात्र तो राजा, धप्पा तर पाठीवरच बसतो.

आणि खो-खो. तुम्ही खेळला असाल तर माहिती असेल, खो देताना मागून पाठीवर हात लावायचा आणि मोठ्याने "खो" म्हणायचं, दोन्ही पाहिजे. भाऊ हात लागला की सुटायचा, समोरच्याच्या तोंडातून आवाज निघायच्या आत. की लगेच समोरची टीम, अर्ली गेटअप, अर्ली गेटअप, फाउल! तीन दिवस भांडण चाललं. शेवटी समोरच्या घरातल्या पोराने तोडगा काढला की याला हात लावायचा नाही, आधी खो म्हणायचं आणि मग दणका द्यायचा, दणका बसला तरच खो. भावाची पाठ महिनाभर लाल होती, आईने विचारलं तर हा खूश. ती पाठ मी गोष्टीत जशीच्या तशी ठेवलीये.

(हे लिहिताना एक मजेशीर गोष्ट कळली. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू डोकी एकत्र करून गोल उभे राहतात ना, ती पद्धत 1890 च्या दशकात वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बहिऱ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजच्या टीमने सुरू केली असं सांगतात. खुणांनी डावपेच ठरवताना समोरच्यांना दिसू नये म्हणून. भावाला सांगितलं तर तो म्हणे, आम्ही पण करायचो, फक्त तुला दिसू नये म्हणून.)

ओठ वाचून सगळं कळतं हाही एक गैरसमज, आणि गोष्टींमध्ये तर बहिरी मुलं वीस फुटांवरून ओठ वाचतात. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून बघा: पापा, बाबा, मामा. तिन्ही सारखेच दिसतात. क, ग तर घशातच होतात, ओठ हलतही नाहीत. मग मिशा, सुपारी, पाठीमागचा उजेड. भाऊ निम्मं वाचायचा आणि निम्मं अंदाजाने भरायचा, आणि चुकला की लोक म्हणायचे डोक्याने कमी आहे.

शाळेत खुणा केल्या तर हातावर पट्टी बसायची, तोंडाने बोल म्हणून. ही खोड जुनी आहे, 1880 साली इटलीत मिलानला बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली होती, तिथे जवळजवळ सगळे ऐकू येणारेच आणि त्यांनी ठरवून टाकलं की खुणा बंद. गल्लीला मात्र मिलान माहीत नव्हतं. 2021 मध्ये भारतीय सांकेतिक भाषेची 10,000 शब्दांची डिक्शनरी आली, आमच्या गल्लीची चाळीसेक शब्दांची असेल, त्यातले निम्मे शिव्या. प्रत्येकाला नाव होतं. दात पुढे असलेल्याचं दातांवर बोट, माझं नाव म्हणजे कमरेवर हात.

माझं नाव असं का ते सांगते, कारण गोष्टीतली खडूस ताई मीच आहे. सगळे हसले की तो माझा हात ओढायचा, काय झालं, काय झालं, आणि मी म्हणायचे, काही नाही. नंतर सांगते. नंतर कधी सांगितलं नाही. आजही आमच्या घरी लग्नकार्यात पंगत हसते आणि कुणीतरी त्याला "काही नाही रे" म्हणतं, आणि मला पोटात कसंतरी होतं.

त्यामुळे शौर्याचा शेवटही मला नको होता. एका संपादकांनी सुचवलं होतं की नंदूने ट्रकखालून कुणाला तरी वाचवावं, मग सगळे त्याला मित्र म्हणतील. म्हणजे बाकीच्यांना मैत्री फुकट आणि याने जीव धोक्यात घालायचा?

मी घेतला तो शेवट खरा घडलेला. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट जायचे, पोरं ओट्यावर बसून भुताच्या गोष्टी सांगायची, आणि अंधार झाला की भावासाठी गोष्ट संपलेली असायची, ओठ नाहीत, हात नाहीत, तो उठून आत यायचा. एक दिवस त्या समोरच्या पोराने पेन्सिल टॉर्च आणला आणि हनुवटीखाली धरून गोष्ट सांगायला लागला. तोंड असं भयंकर दिसत होतं की बाकीचे किंचाळले, भाऊ मात्र पुढे सरकून बसला. रोज संध्याकाळी तेच. चौथ्या का पाचव्या दिवशी भूत विहिरीतून वर येतंय आणि टॉर्च पिवळा पडत पडत विझला.

भावाने खिशातली डबी काढली, झाकण उघडलं, सेल काढला आणि त्याच्या हातात दिला. एक जुना आणि एक हा, उजेड जेमतेम पडला, पण पडला.

आईने नंतर दोघांनाही झोडपलं, सेल काय फुकट येतात का म्हणून. तर नंदूला शेवटच्या पानावर ऐकू येत नाही, कारण त्याचा सेल टॉर्चमध्ये आहे.