५०० शेअर तेवढेच, वाटा मात्र कमी

सकाळी दादरच्या गाडीत उभ्याउभ्याच मेल वाचला. आईच्या नावावर ज्या तोट्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचे ५०० शेअर आहेत, ती प्रेफरेन्शियल इश्यू काढतेय. आज एकूण शेअर १० कोटी, आणखी ५ कोटी निवडक गुंतवणूकदारांना देणार. आईचे शेअर ५००च राहतील, पण मालकीतला वाटा एक तृतीयांशाने घटणार. उद्या कंपनी सावरली तरी नफ्याला वाटेकरी वाढलेले.

कंपनीला पैसा लागतोय हे कळतं मला, पगार थकले तर सगळंच बुडेल. पण राइट्स इश्यू काढला असता तर जुन्या भागधारकांना आधी विचारलं गेलं असतं. तो का नाही, यावर नोटिशीत एक ओळ नाही. त्याचाच राग आला.

विशेष ठराव आहे, बाजूची मतं विरोधाच्या किमान तिप्पट लागतात. रात्री आईला शेजारी बसवून ई-व्होटिंग उघडलं. तिने चष्मा पुसला, नोटीस पुन्हा एकदा वाचायला लावली आणि ‘विरोधात’वर स्वतः बोट टेकवलं.

“माझ्या पीएफमधले आहेत रे ते,” एवढंच म्हणाली.