आप्पांना घेऊन मोझेलला, गोड वाईनच्या शोधात

आप्पा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदाच माझ्याकडे जर्मनीला आले ते एका अटीवर, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या (द्राक्षाची फळ धरायची छाटणी) आत मला परत नाशिकला पोचव. निफाड तालुक्यात आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे, आणि माझ्या आठवणीत आप्पा छाटणीला बागेत नाहीत असं एकही वर्ष झालेलं नाही. म्हणून सप्टेंबरचे तीन आठवडे ठरले. फ्रँकफर्टमधल्या उंच इमारती त्यांनी दोन दिवसांत बघून टाकल्या आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, इथं द्राक्षं कुठं लावतात रे?

मला तसंही मोझेलला, त्या नदीकाठच्या वाईनच्या मुलखात, जायचंच होतं. दिवाळीला आमच्याकडे इथली दहा-बारा मराठी कुटुंबं येतात, त्यातल्या निम्म्या लोकांना वाईन म्हणजे कडू आणि तुरट असं वाटतं, आणि ते दरवर्षी सांगतात की गोड काहीतरी आण. गेल्या वर्षी मी दुकानातून नुसतं 'गोड' असं वाचून एक पांढरी वाईन आणली. साखरेचं पाणी प्यायल्यासारखी होती. चिवड्याबरोबर दोन घोट झाले आणि सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. त्या रात्री भरलेले ग्लास सिंकमध्ये ओतताना फार वाईट वाटलं, कारण द्राक्ष पिकवायला काय लागतं ते मी लहानपणापासून बघितलंय. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी जिथं ती बनते तिथं जाऊन, विचारून, चाखून आणायची.

फ्रँकफर्टहून कोब्लेंझ आणि तिथून ट्रियरकडे जाणारी गाडी. कोब्लेंझला मोझेल ऱ्हाइनला मिळते, तिथून पुढे रूळ नदीच्या कडेकडेनं जातात आणि दोन्ही बाजूंना डोंगरावर द्राक्षं, गावाच्या घरांपासून पार माथ्यापर्यंत. आप्पा खिडकीला चिकटून बसलेले. कोखेमच्या पुढे चार किलोमीटरपेक्षा लांब बोगदा लागतो, तो संपून उजेड आला तसं त्यांनी पहिलं वाक्य बोललं, हे लोक फवारणी कशी करत असतील?

विटलिश स्टेशनला उतरून बसनं बर्नकास्टेल-कूसला पोचलो. रेल्वे तिथपर्यंत जात नाही. गाव सुंदर आहे, चौकात 1416 सालचं एक लाकडी घर आहे, खाली अरुंद आणि वर रुंद, लोक त्याच्यासमोर फोटो काढतात, आम्हीही काढला. पण आम्हाला ओढ मळ्याची होती म्हणून थोडं खाऊन लगेच वेलनला गेलो. गाव नदीच्या एका तीरावर आणि समोरच्या तीरावर तो प्रसिद्ध डोंगर, वेलनर झोनेनऊर, म्हणजे वेलनचं सूर्यघड्याळ. 1842 साली योडोकुस प्र्यूम यांनी मळ्यातल्या खडकावर खरंच मोठं सूर्यघड्याळ केलं, मळ्यात काम करणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून. ते आजही आहे आणि नदीपलीकडूनही दिसतं.

ज्या बाईंकडे आम्ही वेळ ठरवली होती त्यांचं घराण्याचंच काम, मळाही स्वतःचा आणि तळघरही. मी फोनवर सांगितलं होतं की माझे वडील द्राक्षबागायतदार आहेत, तेव्हा त्या म्हणाल्या आधी मळा बघू, बाटल्या नंतर. चढ असा की एका हातानं खुंट धरल्याशिवाय पाय टिकत नाही. ट्रॅक्टर इथं चालतच नाही, सामान न्यायला एका रुळावर चढणारी छोटी मोटरगाडी आहे आणि बाकी सगळं माणसांच्या हातानं. आप्पा सत्तरीचे आहेत, मला काळजी वाटत होती, पण ते माझ्या पुढे होते. मध्येच वाकून त्यांनी एक काळा चपटा दगड उचलला, त्यावर नखानं रेघ ओढली आणि म्हणाले, अरे हा तर पाटीचा दगड!

खरंच पाटीचाच दगड. सगळा डोंगर त्याचा, माती अशी जवळजवळ दिसतच नाही. बाईंनी सांगितलं की दिवसभर हा दगड तापतो आणि रात्री ती ऊब वेलीला देतो, नाहीतर इतक्या उत्तरेला, एवढ्या थंडीत रीसलिंग, म्हणजे इथली पांढऱ्या वाईनची द्राक्षाची जात, पिकलंच नसतं. वर नदीवरून परावर्तित होणारं ऊन, आणि डोंगराचं तोंड दक्षिणेला. नदीच्या प्रवाहानं थोडं खाली उर्त्सिग गावाला गेलं की दगड लाल होतो आणि तिथल्या वाईनला मसाल्यासारखा वास येतो म्हणतात, आम्हाला तिकडे जायला वेळ मिळाला नाही.

मांडव नाही, तारा नाहीत. जुन्या पद्धतीनं प्रत्येक वेलीला तिचा एकटीचा लाकडी खुंट, आणि दोन काड्या दोन बाजूंना वाकवून खाली बांधलेल्या, पत्त्यातल्या बदामासारखा आकार होतो. आप्पांनी ती गाठ सोडायच्या बेतानं हातात घेऊन नीट बघितली. मग पानं उलटून बघितली. डावण्या त्यांनाही येतो, भुरीही येते, ते ऐकून दोघंही जरा गंभीर झाले, मी मध्ये दुभाष्या, आणि पाचेक मिनिटं नुसतं बुरशीवर बोलणं चाललं होतं. छाटणी इथं वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, वेल कधी झोपतच नाही, हे सांगितल्यावर बाईंना खरं वाटेना.

मग आप्पांनी एक मणी तोडून तोंडात टाकला. आप्पा माळकरी आहेत, वाईनचा थेंबही घेणार नाहीत हे मला आधीच माहीत होतं, पण मणी चाखण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. बराच वेळ चघळून, बी दातानं फोडून बघून म्हणाले, "साखर आलीय. पण आंबट गेलं नाही. आपल्याकडं उन्हानं आंबट आधी जातं, नुसती गोडी राहती. इथं दोन्ही एका मण्यात हाय."

बाईंना मी ते जर्मनमध्ये सांगितलं तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या की मोझेलच्या गोड वाईनचं सगळं गणित हेच आहे. त्यांनी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, काढला. आमच्याकडे तोच असतो, फक्त साखरेचं माप म्हणून आपण ब्रिक्स बघतो आणि ते ओक्सले बघतात, फेर्डिनांड ओक्सले नावाच्या 19व्या शतकातल्या कारागिराच्या नावावरून. 80 ओक्सले म्हणजे साधारण 19 ब्रिक्स. आप्पा लगेच म्हणाले, 17-18 ला तर आम्ही एक्सपोर्टचा माल काढतो.

आता गोड वाईन घेताना लोक जिथं चुकतात, आणि मीही जिथं चुकलो होतो, ते इथं नीट कळलं. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे ही जी नावं बाटलीवर असतात ती तोडणीच्या वेळी द्राक्षात साखर किती होती ते सांगतात, बाटलीत किती उरलीय ते नाही. काबिनेट सगळ्यात हलकं, श्पेटलेझे म्हणजे उशिरा तोडलेलं, आउसलेझे म्हणजे अगदी पिकलेले घड निवडून काढलेलं. पण त्यापुढे 'ट्रोकन' लिहिलेलं असेल तर ती साखर जवळजवळ सगळी आंबवून टाकलीय, वाईन कोरडी आहे, मग श्पेटलेझे असो की काही असो. गोड हवी तर आधी 'ट्रोकन' शब्द नाही ना ते बघा. आणि मग बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा बघा, ही बाईंनी दिलेली सगळ्यात कामाची युक्ती. मोझेलच्या रीसलिंगवर 7.5 ते 9 टक्के असेल तर आंबवणं मध्येच थांबवलंय आणि साखर शिल्लक आहे, म्हणजे गोड. 12 च्या आसपास असेल तर कोरडी. मधला 10-11 चा आकडा आणि 'फाइनहर्ब' असा शब्द असेल तर किंचित गोडसर. जर्मन अजिबात येत नसलं तरी आकडा तर वाचता येतोच ना.

तळघरात खाली ओलसर गारवा, टेबलावर सहा बाटल्या. पहिली काबिनेट, 2021 ची. ते वर्ष इथं थंड गेलं, त्यामुळे आंबटपणा खणखणीत. त्यांच्या कागदावर लिटरला 45 ग्रॅम साखर लिहिली होती. कोलामध्ये लिटरला 100 ग्रॅमच्या वर असते, म्हणजे निम्म्याहून कमी, आणि ह्या आंबटपणामुळे ती 45 पण जाणवत नाही. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं. मी बॅगेतून चकली काढली. हो, मी मुद्दाम घरून चकल्या, लसणीची शेव आणि डब्यात थोडा तिखट चिवडा नेला होता. चकलीचा एक तुकडा आणि एक घोट, परत चकली. तेल कापलं जातं, तिखट बसतं, आणि पुढचा तुकडा खावासा वाटतो. बाईंनीही चकली खाल्ली आणि दोन घेऊन आईला द्यायला वर गेल्या. दिवाळीच्या फराळाची वाईन तिथंच ठरली. जिथं तिखट, तळलेलं, खारट आहे तिथं काबिनेट. जास्त अल्कोहोलची कोरडी वाईन तिखटाबरोबर घेतली की जीभ आणखी भाजते, हे मी मटणाच्या रश्श्याबरोबर स्वतः अनुभवलंय.

ज्यांनी कधी वाईन घेतलेली नाही अशा पाहुण्यांना, किंवा कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना न्यायला, श्पेटलेझे. पीच, पिकलेलं नाशपती, काबिनेटपेक्षा भरीव, पहिल्याच घोटात आवडते. थाई करीबरोबर किंवा नारळाच्या दुधातल्या कोळंबीबरोबर तर फारच छान, मालवणी घरात वाढलेली माझी बायको ह्याच्याशी पूर्ण सहमत आहे. ऑफिसच्या जर्मन लोकांना जेवायला बोलावलं तर मात्र फाइनहर्ब घ्या, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना जेवणाबरोबर एवढं गोड नको असतं. जेवणाच्या टेबलावर समोरच्याची आवड आधी, आपली नंतर.

गोडधोडाचं प्रकरण वेगळं. वाईन पदार्थापेक्षा गोड नसेल तर ती आंबट लागते, हे मी तिथं श्पेटलेझे आणि बेसनाचा लाडू घेऊन बघितलं, बिचारी वाईन लिंबूपाण्यासारखी झाली. आउसलेझे घेतली तेव्हा जमलं. मध, जर्दाळू, थोडं केशरासारखं काहीतरी. श्रीखंडाबरोबर आउसलेझे घ्याच, दह्याचा आंबटपणा आणि तिचा आंबटपणा एकमेकांना ओळखतात. गुलाबजामच्या पाकापुढे मात्र कुठलीच वाईन टिकत नाही, तिथं पाणी बरं.

शेवटची बाटली छोटी, 375 मिलीची, आइसवाइन. द्राक्षं डिसेंबर-जानेवारीपर्यंत वेलीवर ठेवायची आणि उणे 7 किंवा त्याहून खाली थंडी पडली की पहाटेच्या अंधारात गोठलेलीच तोडून गोठलेलीच दाबायची, पाणी बर्फ होऊन आत राहतं आणि फक्त घट्ट रस निघतो. 2019 च्या हंगामात तेवढी थंडीच पडली नाही आणि जर्मनीभर आइसवाइन जवळजवळ झालीच नाही. आप्पांना हे ऐकून कसंतरी झालं. माल वेलीवर ठेवून तीन महिने वाट बघायची आणि शेवटी हाती काही नाही. अवकाळीनं घड फुटलेली वर्षं त्यांना आठवली असणार, आमच्याकडे 2009 च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हाही असंच झालं होतं. त्यांनी ती छोटी बाटली दोन्ही हातांत धरून उजेडात बघितली आणि मला म्हणाले, ही एक घे. घेतली. निळ्या बुरशीच्या चीजबरोबर, चौघांत, चमचा-चमचाभर प्यायची ती गोष्ट आहे, एखाद्या मोठ्या बातमीच्या दिवशी.

नाशिकचं विचाराल तर तिथंही गोड पांढरी मिळते, सुला कंपनीची लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) शेनिन ब्लां आहे, हापूसच्या दिवसांत गार करून मला आवडते. पण ती जेवणानंतरची, फराळाबरोबरची नाही. आपल्या उन्हात आंबटपणा टिकवणं अवघड, आप्पांनी मण्यावरून जे ओळखलं तेच ग्लासातही लागतं. घरी आणल्यावर कुठलीही गोड पांढरी 8-10 अंशाला गार करा, उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर छान राहते. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ती साखर नाही, टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, काही अपाय नाही.

निघताना मी बाईंना विचारलं की माझी मुलगी 2018 ची आहे, तिच्यासाठी ठेवता येईल असं काही आहे का. 2018 चा उन्हाळा इथं कडक आणि कोरडा गेला होता, द्राक्षं भरपूर पिकली. त्यांनी आतल्या कोपऱ्यातून 2018 ची आउसलेझे काढून आणली. साखर आणि आम्ल दोन्ही असल्यामुळे चांगली आउसलेझे वीस-तीस वर्षं सहज टिकते, रंग सोनेरी होत जातो. पैसे देताना आप्पांनी माझा हात मागे सारला आणि स्वतःच्या पाकिटातले युरो काढले, जे मीच त्यांना खर्चाला दिले होते आणि त्यांनी एकही मोडला नव्हता.

फ्रँकफर्टला आल्यावर ती बाटली इमारतीच्या तळघरातल्या आमच्या खोलीत आडवी ठेवली. आप्पांनी पेन मागितलं, एका कागदावर नातीचं नाव आणि '2036' लिहिलं, दोऱ्यानं बाटलीच्या गळ्याला बांधलं. गाठ तीच होती, मोझेलच्या काडीची. वरच्या फळीवर त्यांनी खिशातला पाटीचा दगड ठेवला आणि मग लिफ्टमध्येच घरी फोन लावला, छाटणीला माणसं सांगितली का विचारायला.