चारशेचे आठशे केले म्हणून पाचाचे अडीच होत नाहीत

मागे कामावर एक सर्वे केला होता, ४०० लोकांची उत्तरं आली आणि मी रिपोर्टमध्ये इमानदारीत लिहून टाकलं, मार्जिन ऑफ एरर साधारण ५ टक्के (म्हणजे सगळ्यांना विचारलं असतं तर खरा आकडा आमच्या आकड्याच्या साधारण ५ टक्के इकडे तिकडे निघाला असता). साहेब म्हणाले, पाच जरा जास्त वाटतंय, अडीच कर, अजून ४०० जणांना विचार की. आणि खरं सांगते, मलाही क्षणभर ते बरोबरच वाटलं! मग आकडेमोड केली तर ८०० लोकांना येतात साडेतीन टक्के. अडीच हवे असतील तर १६०० माणसं पाहिजेत. चूक निम्मी करायची तर माणसं दुप्पट नाही, चौपट.

मार्जिनच्या फॉर्म्युल्यात विचारलेल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ आहे म्हणून, हे उत्तर सगळे देतात, पण वर्गमूळ तिथे आलं कुठून ते मला नाणं उडवून बघितल्यावर कळलं (म्हणजे कॉम्प्युटरवर, हाताने कोण बसतंय). नाणं १०० वेळा उडवलं तर छापे बरोब्बर ५० क्वचितच पडतात, पण हा १०० चा डाव परत परत खेळलात तर शंभरातल्या साधारण ९५ डावांत छापे ४० ते ६० च्या मधे असतात. आता तेच १०,००० वेळा उडवा. छापे साधारण ४,९०० ते ५,१०० मधे. गंमत बघा, आधी १० ने इकडे तिकडे होत होतं आता १०० ने होतंय, म्हणजे गडबड वाढलीच की! पण नाणं उडवणं शंभरपट झालं आणि गडबड फक्त दहापट, म्हणून टक्क्यात बघितलं तर १० वरून १ वर आली. जास्तीचे छापे आणि जास्तीचे काटे एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात, पूर्ण खात नाहीत, जे उरतं ते वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं. बस्स, एवढंच आहे ते.

म्हणूनच निवडणुकीच्या पोलमध्ये हजारेक लोकांचा सॅम्पल इतका दिसतो. १,००० ला ३.१ टक्के येतात. २ टक्क्यांवर यायचं तर २,४०० आणि १ टक्क्यावर यायचं तर साडेनऊ हजारांच्या वर, एवढा खर्च कोण करणार.

एक प्रश्न मला हमखास विचारतात, देश एवढा मोठा आणि हजार लोकांवरून काय कळणार? तर एकूण लोकसंख्या १ लाख असो नाहीतर १ कोटी, हजारांच्या सॅम्पलला मार्जिन तेच ३.१ राहतं. हां, एकूणच २,००० माणसं असतील आणि त्यातल्या हजारांना विचारलं तर ते २.२ पर्यंत उतरतं, पण असं किती वेळा होतं.

बरं, हे सगळं माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली असतील तरच. १९३६ ला अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी (रूझवेल्ट विरुद्ध लँडन) लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २४ लाखांच्या आसपास परत आल्या. फॉर्म्युल्यात घातलं तर मार्जिन येतं ०.०६ टक्के! त्यांनी सांगितलं लँडन जिंकणार, रूझवेल्टना ४३ टक्केच. रूझवेल्टना पडली जवळपास ६१. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदणीवरून, म्हणजे बरेचसे पैसेवालेच, त्यात मंदीचा काळ, आणि वर ज्यांना उत्तर द्यावंसं वाटलं त्यांनीच दिलं. जॉर्ज गॅलप या पोल घेणाऱ्या माणसाने त्याच वेळी ५० हजारांच्या आसपास लोकांवरून विजेता बरोबर सांगितला होता.

अजून एक जागा जिथे मी स्वतः आपटले आहे. ते ५ टक्के पूर्ण ४०० जणांचे. रिपोर्टमध्ये मी वयोगटाप्रमाणे चार्ट टाकले होते आणि साठीच्या वरचे होते फक्त ६० जण, त्यांचं मार्जिन जवळजवळ साडेबारा टक्के. त्या चार्टवर मी दोन पानं लिहिली होती 🤦 तसंच दोघांतल्या फरकाचं. हजारांच्या पोलमध्ये एकाला ४८ आणि दुसऱ्याला ४४ आले तर ४ ची आघाडी ३.१ पेक्षा जास्त म्हणून लोक खुश होतात, पण एकाचं वाढलं की बहुतेक दुसऱ्याचं घटतं, त्यामुळे आघाडीचं मार्जिन ६ च्या घरात जातं.

शेवटी साहेबांना मी म्हटलं, नवीन १,२०० शोधण्यापेक्षा ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांच्या मागे लागूया. ते लगेच हो म्हणाले, खर्च वाचतोय म्हणून असेल. तीन आठवडे फोन करत बसलो आणि रिपोर्टमधला पाचाचा आकडा जेमतेम हलला, साठीच्या वरच्यांचा चार्ट मात्र मी काढून टाकला.