९४४ घेताय? आधी बिलांची फाइल मागा

पोर्शे ९४४ विकायला दिसली की बहुतेकांच्या मनात एकच येतं: एवढ्या कमी पैशांत पोर्शे? १९८२ ते १९९१ या काळात निघालेली ही गाडी त्याच वर्षांतल्या पोर्शेच्याच ९११ च्या मानाने आजही बरीच स्वस्तात मिळते. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन पुढेमागे जवळपास निम्मंनिम्मं. वळणावर ती इतकी शहाण्यासारखी वागते की जाहिरातीत किमतीचा एखादा आकडा राहून गेलाय की काय अशी शंका यावी. आकडा राहिलेला नसतो, तो पुढच्या बिलांमध्ये असतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

खर्चाचा अंदाज लोक किलोमीटरवर बांधतात आणि तिथेच फसतात. टायमिंग बेल्टचंच घ्या, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा रबरी पट्टा. जाणकार मिस्त्री ४८,००० किमी किंवा ४ वर्षं, जे आधी होईल ते, असा हिशेब धरतात. वर्षाला १२,००० किमी फिरवणाऱ्याचे दोन्ही आकडे एकदमच भरतात. पण हौसेची गाडी कोण एवढी फिरवतो? रविवारची चक्कर धरून वर्षाला २,००० किमी झाले, तर ४ वर्षांत ८,००० किमीवरच बेल्ट बदलायची वेळ येते. काम तेच, बिलही तेच, पण दर किलोमीटरचा खर्च सहापट. रबर, सील, होज, ब्रेक ऑईल, कूलंट, टायर या सगळ्यांना हाच नियम लागू. ‘वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली, फक्त ४०,००० किमी चाललेली’ गाडी म्हणूनच घाबरवते. तिचं जे जे म्हातारं व्हायचं ते जागच्या जागी झालेलं असतं.

बेल्टवर एवढा जोर देण्याचं कारण साधं आहे. या इंजिनात बेल्ट तुटला किंवा दात घसरले की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलावंच लागतं. त्यात बेल्ट दोन आहेत. एक म्हणजे टायमिंग बेल्ट, तो कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवतो आणि वॉटर पंपही. दुसरा दोन बॅलन्स शाफ्ट फिरवतो, म्हणजे २.५ लिटरच्या मोठ्या चार सिलिंडरची थरथर मारायला बसवलेले ते शाफ्ट. दुसरा बेल्ट तुटला तर नुसतं इंजिन थरथरेल असं समजून लोक तो जुनाच ठेवतात. पण त्याचा तुकडा टायमिंग बेल्टमध्ये अडकला की पुढचं सगळं ओघाने आलंच.

काम काढलं की अर्धं करून थांबू नये. दोन्ही बेल्ट, टेन्शनर (बेल्टला ताण देणारा भाग) आणि आयडलरचे रोलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, शिवाय क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा), कॅम आणि बॅलन्स शाफ्टची पुढची सील एकाच वेळी बदलावीत. सील गळलं की ऑईल बेल्टवर येतं आणि नवा बेल्टही लवकर खराब होतो. पंपाचं बेअरिंग जॅम झालं तर बेल्ट तिथेच जातो. बेल्टचा ताण बोटाने दाबून ठरवायचा नसतो, त्याला ताण मोजायचं गेज लागतं. १९८७ मॉडेलपासून स्प्रिंगवाला टेन्शनर आला, पण तोही सतत आपोआप ताण धरत नाही. बोल्ट सैल केले की स्प्रिंग ताण बसवते, मग बोल्ट आवळायचे. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा ताणला जातो, म्हणून २,५०० ते ३,००० किमीवर पुन्हा ताण तपासावा लागतो. मागच्या मालकाच्या फाइलमध्ये या दुसऱ्या भेटीची नोंद सापडली, तर गाडी नीट माणसाच्या हातात होती असं धरायला हरकत नाही. ‘बेल्ट झालाय, बिल नाही’ याचा अर्थ बेल्ट झालेला नाही असाच घ्यायचा. वाद घालत बसू नये, किमतीतून वजा करावं.

दुसरं मोठं बिल क्लचचं. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, मध्ये त्यांना जोडणारी टॉर्क ट्यूब. क्लच मात्र इंजिनालाच. म्हणजे क्लच प्लेटपर्यंत पोचायला एक्झॉस्ट उतरवा, गिअरबॉक्स खाली घ्या, टॉर्क ट्यूब मागे सरकवा, मग बेल हाउसिंग (क्लचवरचं आवरण) काढा. बिल मुख्यतः मजुरीचं होतं. मूळ क्लच प्लेटच्या मधोमध रबराचा भाग असतो. प्लेटची लायनिंग शाबूत असताना हे रबर वयाने फुटतं, गिअर टाकताना मागून ठण्ण आवाज येतो आणि एके दिवशी गाडी पुढे जायचीच बंद होते. एवढं सगळं उतरवल्यावर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्लच फोर्कची बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील न बदलणं म्हणजे उद्या हीच मजुरी परत भरणं. बेल हाउसिंग हलवण्याआधी त्यावरचे दोन सेन्सर काढायला सांगा. घाईत ते हमखास तुटतात.

गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन गार ठेवा. तुम्ही पोचता तेव्हा बॉनेट गरम असेल तर चौकशी करा, कारण गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं. आधी कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. आत तपकिरी, लोण्यासारखा थर दिसला तर बहुतेक वेळा ऑईल कूलरची सील गेलेली असतात. चालू इंजिनात ऑईलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ऑईल पाण्यात जातं आणि डिपस्टिक मात्र स्वच्छ दिसते. सीलची किंमत किरकोळ, काम किचकट, आणि नंतर पूर्ण कूलिंग सिस्टिम अनेकदा धुवावी लागते. हेड गॅस्केटचाही (हेडखालच्या पॅकिंगचाही) संशय असतोच, त्यामुळे कॉम्प्रेशनबरोबर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती शोधायची) करून घ्यावी.

मग स्टार्ट करून ऑईल प्रेशरच्या काट्याकडे बघा. गार इंजिनात तो ५ बारच्या आसपास जातो. चांगलं वीसेक मिनिटं फिरवून आणल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) २ बारच्या जवळपास असावा आणि ३,००० ते ४,००० आरपीएमला ४ च्या वर. आयडलला काटा फारच खाली लोळत असेल तर बिग एंड बेअरिंगचा (पिस्टनचा रॉड क्रँकवर फिरतो तिथल्या बेअरिंगचा) विचार करा. या इंजिनात दुसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग आधी जातं. लांब वळणावर जोरात गाडी घातली की संपमधलं (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीतलं) ऑईल एका बाजूला सरकतं आणि त्या बेअरिंगला कमी पडतं. ऑईलची पातळी नेहमी वरच्या खुणेला ठेवायची ती यासाठीच. इंजिन बांधायची वेळ आलीच, तर ब्लॉकमध्ये वेगळे लायनर नाहीत हे लक्षात ठेवा. ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या भिंतीवरच पिस्टन फिरतात. नेहमीच्या पद्धतीने होनिंग करून (सिलिंडरची भिंत घासून) नव्या रिंगा टाकणाऱ्या मिस्त्रीच्या हाती हे इंजिन देऊ नका.

आयडलला स्टिअरिंग आणि सीट फारच थरथरत असतील तर इंजिन माउंट (इंजिन ज्यांवर टेकतं ते आधार) खचलेली असतात. ती द्रव भरलेली आहेत आणि एक्झॉस्टच्या बाजूचं उष्णतेने आधी जातं. बेल्ट बदलताना बॅलन्स शाफ्ट एका दाताने चुकीचे बसवले तरी हीच तक्रार येते, तेव्हा माउंटची ऑर्डर देण्याआधी खुणा जुळवून बघा.

सेल्फ मारते पण गाडी सुरू होत नाही, ही ९४४ ची सगळ्यात जुनी तक्रार. बहुतेक वेळा दोषी असतो डीएमई रिले. इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि फ्युएल पंपाला करंट देणारा हा छोटा डबा. आतलं सोल्डर वयाने तडकतं. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासा हलतो का ते बघा. हलत असेल तर क्रँकच्या सेन्सरचा सिग्नल येतोय. अजिबात हलत नसेल तर रिलेबरोबर बेल हाउसिंगवरचे सेन्सरही तपासा. एक नवा रिले गाडीत कायम ठेवावा. या गाडीच्या यादीतली खरोखर स्वस्त म्हणावी अशी ही एकच वस्तू.

इंजिनावरचे पेट्रोलचे होज मूळचेच दिसले तर टेस्ट ड्राइव्हसुद्धा बेताने घ्या. गरम इंजिनावर कडक झालेला होज फुटला की आग लागते. गाडी घेतल्यावर पहिलं काम हेच, बेल्टच्याही आधी.

बॉडीची गोष्ट त्या मानाने सुखाची. पत्रा जस्ताचा लेप दिलेला, त्यामुळे गंज त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा कमी. तरी दाराखालच्या पट्टीचा (सिलचा) मागच्या चाकाकडचा भाग आणि बॅटरीखालची जागा टॉर्च घालून बघा. मागच्या मोठ्या काचेचा फ्रेमला धरणारा गोंद सुटतो आणि पाणी डिकीत उतरतं. गालिचा उचलून बोट फिरवा. मीटरवरच्या किलोमीटरवर तर अजिबात विसंबू नका. ओडोमीटरचं प्लॅस्टिकचं गिअर तुटणं इतकं नेहमीचं आहे की किती गाड्यांचे आकडे वर्षानुवर्षं गोठलेले असतील कुणास ठाऊक. टेस्ट ड्राइव्हला निघताना आकडा टिपून ठेवा आणि परत आल्यावर ताडून बघा.

कुठलं मॉडेल? पहिल्यांदाच घेणाऱ्याने साधी आठ व्हॉल्व्हची २.५ लिटर घ्यावी, असं माझं मत. सोळा व्हॉल्व्हच्या एस आणि ३ लिटरच्या एस२ मध्ये दोन कॅमच्या मध्ये एक साखळी असते. तिच्या टेन्शनरवरचं प्लॅस्टिक झिजून तुटलं की कॅमचे दात जातात, म्हणून बेल्टबरोबर त्याचीही तपासणी धरायची. टर्बो चालवायला सगळ्यांत मजेची, पण उष्णतेने तिचे व्हॅक्यूम होज आणि सील लवकर कडक होतात, आणि टर्बो स्वतः आहेच. एस२ आणि नंतरच्या टर्बोंच्या चार पिस्टनच्या ब्रेक कॅलिपरमध्ये स्टीलच्या पट्टीखाली ॲल्युमिनियम फुगतं. पट्टी उचलली जाते आणि पॅड अडकून बसतात. चाकांच्या आरपार बघितलंत तरी ते दिसतं.

भाव करताना दोनच प्रश्न: बेल्ट कधी, क्लच कधी. दोन्हींची तारखेसह बिलं असतील तर मालक मागतो त्याच्या जवळपास द्यायला हरकत नाही. एकाचंही बिल नसेल तर तुमच्या मिस्त्रीकडून दोन्ही कामांचा लेखी अंदाज आधी घ्या, तो कागद समोर ठेवा आणि तेवढे पैसे वजा करून आकडा सांगा. मालक हसला तर दुसरी गाडी बघा.