मोनोचं बटण

गाण्याचं मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेली फाइल, पाठवून अर्धा तासही झाला नव्हता, तोवर गायिकेचा फोन आला. "दादा, गिटार कुठे गेली?"

चुकीची फाइल गेली असेल म्हणून पुन्हा उघडून हेडफोनवर ऐकली. गिटार होती की! दोन्ही कानांभर पसरलेली, मधोमध गाणं.

"कशावर ऐकताय?"

"फोनवरच. हेडफोन नाही लावले."

त्या फोनला एकच स्पीकर. डावा आणि उजवा चॅनल एकत्र करून तो वाजवतो. माझ्याकडेही तसंच एकत्र ऐकवणारं मोनोचं बटण आहे. ते दाबलं आणि पोटात गोळा आला. गिटारचा भरीवपणा गेला होता, तारांची नुसती किरकिर उरली होती. वादक त्याच दुपारी दौऱ्यावर निघाले होते, त्यामुळे पुन्हा वाजवून घेणं शक्य नव्हतं.

एक माइक मी गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या फ्रेटसमोर (आडव्या पट्टीसमोर) 30 सेंटिमीटरवर लावला होता आणि दुसरा ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे खोक्यावर अडकवतात त्या, बाजूला, जरा लांब. लांबचा आवाज बारीक येत होता म्हणून त्याचा गेन (आवाजाची पातळी) वाढवून दोन्ही सारखे केले होते. दोन माइक लावले, म्हणजे झालं स्टिरिओ, असं मी धरून चाललो होतो. आता वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावरची आवाजाची आकृती, मोठा करून पाहिला, तर तीच तार दुसऱ्या ट्रॅकवर 48 सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या 48 नोंदी, उशिरा छेडलेली दिसत होती. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48 हजार नोंदी असताना, 48 सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद, आणि तेवढ्यात ध्वनी सुमारे 34 सेंटिमीटर जातो. दुसरा माइक तेवढाच मागे होता.

500 हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन दोन मिलिसेकंदांचं. एक मिलिसेकंद उशीर म्हणजे अर्धं आवर्तन: एका माइकमध्ये लहर वर असते तेव्हा दुसऱ्यात खाली. बेरीज केली की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. पुढे 1500, 2500 हर्ट्झलाही तेच, आणि मधल्या 1000, 2000 ला उलट दुप्पट जोर. हेडफोनमध्ये दोन्ही लहरी वेगवेगळ्या कानांत जातात, म्हणून तिथे हे कळलं नाही. उलट त्या उशिरालाच मी ऐसपैसपणा समजलो.

मग गायिकेच्या आवाजाच्या ट्रॅककडे वळलो. तोही मी स्टिरिओ म्हणूनच उघडला होता. एका चॅनलची पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे त्याची लहर वरची खाली करून, दोन्ही एकत्र केले, तर संपूर्ण शांतता. श्वाससुद्धा नाही! एकाच माइकचा आवाज दोन चॅनलमध्ये जसाच्या तसा भरला होता. 24 बिटला मिनिटाला साडेआठ एमबीच्या ठिकाणी सतरा एमबी, बाकी काही फरक नाही. गळा एक, माइक एक. तो मोनोच असतो आणि मोनो म्हणूनच तो मला भावतो. गिटारवर हीच परीक्षा केली तेव्हा मात्र बरंच काही उरलं. दोन चॅनलमध्ये जो फरक असतो तो स्टिरिओ, आणि मी इतका वेळ चॅनल मोजत बसलो होतो.

गिटारचा दुसरा ट्रॅक 48 सॅम्पल अलीकडे ओढून पाहिला. मोनोत गिटार भरली, पण वाजवताना वादक डुलत होते, त्यामुळे अंतर बदलत होतं आणि मधेच एखादा सूर पुन्हा पोकळ व्हायचा. शेवटी तो ट्रॅक बंदच केला. जवळच्या माइकची गिटार थोडी डावीकडे ठेवली आणि खोलीचा भास देणारा आखूड स्टिरिओ रिव्हर्ब दिला. हेडफोनवर आधीइतकी पसरट वाटत नव्हती, तरी तशीच पाठवली.

"आता तारेवरची बोटंसुद्धा ऐकू येतात," फोनवर ऐकून गायिका म्हणाल्या.

दौऱ्याहून परतल्यावर वादक दुसऱ्या गाण्यासाठी आले. या वेळी दोन्ही माइकची तोंडं एकावर एक आणून 90 अंशांत फिरवली, म्हणजे आवाज दोघांपर्यंत एकाच क्षणी पोचावा. "हे इतके चिकटवलेत का?" त्यांनी विचारलं. मी त्यांना चार सूर वाजवायला सांगितले आणि मोनोचं बटण दाबलं. गिटार मधोमध आली, पण भरीवच राहिली. मग रेकॉर्ड सुरू केलं.