डी. एन. रोडची पडवी

जळगाव. मे महिना, दुपार.

पारा 44 वर. अशा दिवसांत स्टेशनवरून टॉवर चौकाकडे पायी निघालेल्या माणसाच्या डोक्यावर सलग सावली नसते. दुकानांच्या पत्र्यांखालून सापडेल तेवढी घ्यायची, पुन्हा उन्हात उतरायचं. म्हणूनच आज मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्याबद्दल नोंद करावीशी वाटते. आपल्याकडची माणसं कोर्टाच्या, मंत्रालयाच्या कामाला जातात, बोरीबंदरला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतात आणि टॅक्सी धरून निघून जातात. त्या रस्त्यावरची सगळ्यात मोलाची गोष्ट, पायी चालणाऱ्यांसाठीची सावलीची पडवी, त्यांच्या नजरेतून सुटते.

आधी स्टेशन. लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरल्यावर 18 नंबर फलाटाच्या बाजूने बाहेर पडू नये. तिकडे पी. डिमेलो रोड लागतो आणि इमारतीचा दर्शनी भाग पाठीमागेच राहतो. लोकलच्या फलाटांकडे चालत जावं, तिकीटघराच्या कमानी आतून बघाव्यात, मग भुयारी मार्गाने रस्ता ओलांडून महापालिकेच्या कोपऱ्यावर उभं राहावं. काम 1878 साली सुरू झालं, दहा वर्षं चाललं. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. घुमटावर ‘प्रगती’ची मूर्ती आहे. दर्शनी फाटकाच्या एका खांबावर सिंह, तो ब्रिटनचा. दुसऱ्यावर वाघ, तो हिंदुस्थानचा. समोरचं महापालिका मुख्यालयही स्टीव्हन्सचंच, 1893 चं. स्टेशनचं तोंड पश्चिमेला असल्याने सकाळी त्याचं कोरीवकाम काळवंडलेलं दिसतं. चारनंतर उजेड तिरपा पडला की पानं, प्राणी, चेहरे वेगवेगळे ओळखू येतात. महापालिकेची इमारत सकाळी बघावी.

या श्रीमंतीत आपल्या काळ्या मातीचाही वाटा आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाला अवाच्या सवा भाव आला. तो पैसा मुंबईत खेळला. त्याच दशकात किल्ल्याची तटबंदी पाडून तिथले रस्ते रुंद केले गेले.

आता मूळ मुद्दा. 1896 मध्ये सरकारने नियम केला: या रस्त्यावरच्या इमारतींनी तळमजल्याला पुढच्या बाजूने कमानींची पडवी ठेवायची, लोकांना चालण्यासाठी. वर ज्याला जे हवं ते करावं. म्हणून वर बघितलं तर कुठे टोकदार गॉथिक कमानी, कुठे ग्रीक-रोमन खांब. आणि खाली मात्र क्रॉफर्ड मार्केटपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत बराचसा रस्ता छपराखालून चालता येतो. जे. एन. पेटिट वाचनालय आणि डॉ. आंबेडकरांनी उभ्या केलेल्या संस्थेचं सिद्धार्थ महाविद्यालय याच वाटेवर. रविवारी सकाळी जावं. इतर दिवशी फेरीवाल्यांमुळे खांबांचे पाय दिसत नाहीत.

दगड मात्र जवळून बघावा. मालाडचा पिवळसर दगड आणि पोरबंदरचा चुनखडक तसे मऊ. मूळ सांधे चुन्याचे, त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडायची. नंतर कोणी सिमेंटने सांधे भरले की ओल दगडातूनच वाट काढते, क्षार पृष्ठभागावर येऊन फुगतात आणि कोरलेलं पान पापुद्र्यासारखं गळतं. ऑइलपेंट फासला तरी तोच प्रकार. तुंबलेल्या पन्हाळीजवळ पिंपळ रुजतो. नुसता छाटला तर मुळं आत जाडच होत राहतात. आपल्याकडे मातीच्या भिंतींच्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा करतात, तेव्हा हेच घडतं.

शेवटी फ्लोरा फाउंटन, 1864 चं. शेजारी हुतात्मा स्मारक, मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी. 21 नोव्हेंबर 1955 ला इथेच संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या माणसांवर गोळीबार झाला. इथे घाई करू नये.

अशी पडवी मुंबईपेक्षा जळगाव-धुळ्याला जास्त हवी, असं मला ठाम वाटतं. दुकानदाराची जागाही फारशी जात नाही. पडवीच्या डोक्यावर खोली काढता येते, फक्त तळमजल्याचा पुढचा पट्टा मोकळा सोडायचा. पडवी दोन-अडीच मीटर खोल असली की दोन माणसं पिशव्यांसह समोरासमोर आली तरी अडत नाहीत. उत्तर-दक्षिण रस्त्यावर पूर्वेकडच्या रांगेत दुपारनंतर पश्चिमेचं ऊन सरळ आत घुसतं. तिथे पडवी आणखी खोल हवी आणि कमानीचा माथा खाली. पण सगळ्यात आधी जोत्यांची पातळी. आज प्रत्येक दुकानाचा ओटा वेगळ्या उंचीचा आहे, एकाला दोन पायऱ्या, शेजाऱ्याला चार. बांधकाम परवानगी देतानाच जोत्याची उंची ठरवून दिली नाही, तर वर छप्पर असूनही म्हातारी माणसं खालून, उन्हातूनच चालतील.