तुम्ही विचारलंत म्हणून: धावताना मी काय ऐकते

"तुमची रनिंगची प्लेलिस्ट पाठवा ना." आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हे म्हणतंच. "तशी काही नाही" म्हटलं की समोरच्याला वाटतं मी लपवतेय, किंवा आता ही शांततेचं महत्त्व सांगणार. दोन्ही नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी एकाच कानात इअरबड घालते. रस्त्याकडचा कान मोकळा. ऐकते ते बहुतेक आधी ऐकून झालेलं असतं: जुनी मुलाखत, एखादं व्याख्यान, वाचून संपवलेल्या कादंबरीचं ऑडिओबुक. मधली पाच मिनिटं कानावरून गेली तरी माझं काही बिघडता कामा नये, एवढी एकच अट. रहस्यकथा तर मुळीच नाही.

पूर्वी मी प्लेलिस्टवालीच होते, आणि कट्टर. जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने 1984 च्या ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, तर जवळजवळ सगळ्यांची मिनिटाला 180 किंवा त्याहून जास्त भरली. तो आकडा शर्यतीच्या वेगाने पळणाऱ्या अव्वल खेळाडूंचा होता, हे मला फार उशिरा कळलं. माझी पावलं 164. म्हणून मी मिनिटाला 170 ठोक्यांची गाणी शोधून शोधून जमवली, पावलं त्या ठेक्यावर पडावीत म्हणून. उपयोग झाला, हे नाकारत नाही. दहा किलोमीटरला 66 मिनिटं लागायची, ती 61 वर आली. इथिओपियाचा धावपटू हैले गेब्रसेलासी याने 1998 मध्ये बर्मिंगहॅमला इनडोअर 2000 मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा स्टेडियममध्ये त्याच्या आवडीचं जलद गाणं वाजत होतं. हे मी प्रत्येकाला सांगत सुटायचे. ताईला तर कितीदा.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. माझ्याच आग्रहाने धावायला लागली. ती गाणी लावायची नाही, म्हणायची, "मला माझा श्वास ऐकू आला पाहिजे, नाहीतर भीती वाटते." मी तिला समजवायचे की तेच चुकतंय, श्वास ऐकू आला की थकवा जास्त जाणवतो.

त्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. वारा होता, म्हणून मी आवाज वाढवला. फोनने इशारा दिला, तो मी न वाचताच घालवला. दोन किलोमीटरनंतर ताई थोडी मागे पडली. नेहमीच पडायची. पुढे एका पाठोपाठ एक अशी तीन गाणी लागली, मी सगळ्यात जास्त जपलेली. पाय आपोआप पडत होते. तेव्हा मला जे वाटत होतं, त्याला आनंदच म्हणतात.

वळसा घालून परत आले तर ताई रस्त्याच्या कडेला बसलेली. एक बूट काढून शेजारी ठेवलेला. घोटा सुजून मोज्यावर आला होता. तळहात खरचटले होते, आणि ती नखाने त्यातली खडी काढत होती, एकेक कण. मी इअरबड काढून मुठीत धरले. मुठीतून गाणं बारीक आवाजात चालूच होतं. ते बंद करायचं मला सुचलं नाही.

"चार हाका मारल्या गं," ती म्हणाली. रागाने नाही. मग माझ्या मुठीकडे बघून म्हणाली, "कुठलं आहे?"

मी गाण्याचं नाव सांगितलं. खरंच सांगितलं. दुसरं काय बोलायचं ते कळेना.

घोटा सहा आठवड्यांत बरा झाला. ताई पुन्हा धावली नाही. "तुझा काही संबंध नाही, मला मुळातच आवडत नव्हतं," असं ती म्हणते. असेलही.

यावर लोक मला हाडांवाटे ऐकवणारे हेडफोन सुचवतात. कान उघडा राहतो, हे खरं. पण माझा फक्त कान बंद नव्हता. ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कारागेऑर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत यावर वर्षानुवर्षं काम केलंय. मध्यम वेगाने पळताना संगीतामुळे दमणूक कमी जाणवते, अगदी जिवाच्या आकांताने पळताना मात्र तो परिणाम ओसरतो, असं त्यातून दिसतं. कमी जाणवते याचं एक कारण म्हणजे लक्ष दुसरीकडे जातं. हेच तर मला हवं होतं, हेच मी ताईला विकत होते. लक्ष गेलं की त्याच्याबरोबर काय काय जातं, ते मी विचारलं नव्हतं.

तेव्हाची मी आजच्या मला म्हणेल, की दोन्ही कान मोकळे असते तरी वाऱ्यात हाक ऐकू आली नसती. खरं आहे. अंतर बरंच होतं. शिवाय 61 मिनिटं नंतर मला कधीच जमली नाहीत, हेही ती ऐकवेल. माझ्याकडे उत्तर नाही. ट्रॅकवर एकटी असले आणि चारशे-चारशे मीटरचे वेगवान फेरे मारायचे असले, की मी आजही तीच यादी लावते, दोन्ही कानांत. तेव्हा पाय हलके होतात आणि मला आवडतं. तिसरं गाणं मात्र पुढे ढकलते.

तुमच्यापैकी कुणाला यादी हवीच असेल, तर पाठवते. गाणी चांगली आहेत. फक्त सोबत कुणी धावत असेल तर लावू नका, एवढं ऐका माझं.

ताई आता रोज चालते. परवा तिनेच विचारलं, "चालताना ऐकायला काहीतरी सांग ना." मी "बघते" म्हटलं. अजून काही पाठवलेलं नाही.